हा के ना

शाळेच्या उत्तरात, सातव्या पानावर, माझं नाव आहे :
विशेष शिक्षिका, हेमलता फणसे.
मी हस्तकला शिकवते. घोटीव कागद, डिंक, बोथट कात्र्या,
पंधरा ऑगस्टच्या पताका.
दिवाळीपुऱ्याच्या कोर्टात, तिसऱ्या मजल्यावर,
ते पान माझ्यासमोर धरलं तेव्हा
आधी वाटलं, दुसऱ्याच कुणी फणसेबाई असतील.

मुलगा तनय शिरोळे, इयत्ता दुसरी.
घंटा झाली की दोन्ही हात कानांवर, आणि बाकाखाली.
घंटा दिवसातून नऊ वेळा होते.
म्हणून त्याला जिन्याखाली बसवलं,
झाडू-बादल्यांच्या शेजारी, तात्पुरतं.
गरबे झाले, उत्तरायणाचे पतंग तारांवर फाटून लोंबले,
तात्पुरतं तिथेच बसून राहिलं.

शाळेचे वकील झवेरी, मऊ बोलणारे.
रजिस्टर उघडून म्हणाले, एकशे बारा तास घेतलेत, बेन.
ही तुमचीच सही. हा के ना?

सही देखणी होती. इंग्रजीत, शेवटी लांब शेपटी.
मी सही मराठीत करते.
अण्णांनी लावलेली सवय.
दांडिया बाजारच्या बँकेतला कारकून अजून चिडवतो,
काकी, एकदा गुजरातीत करून बघा.
ना, मी म्हटलं.
ते पानं उलटत गेले. ना. ना. ना.
जुलैत मात्र चार ठिकाणी माझा वाकडा 'हे' निघाला.
या माझ्या. चार.

त्या चार दिवसांबद्दल कुणी विचारलं नाही.
विचारलं असतं तर सांगितलं असतं,
त्याला कात्री नको असायची, तो कागद फाडायचा,
हळू, जिभेचं टोक बाहेर काढून,
आणि पट्ट्या अशा एकसारख्या निघायच्या
की मी फूटपट्टी लावून पाहिली.
चौथ्या दिवशी घंटेआधी मीच त्याच्या कानांवर हात ठेवले.
त्यानं ते काढले, उलटसुलट करून पाहिले,
परत जागेवर ठेवले.
पाचव्या दिवशी मला पताकांच्या कामाला लावलं.

शिरोळ्यांची वकील मुलगी नवखी,
काळा कोट खांद्यांना मोठा.
तिनं पेनाचं टोपण लावलं. तिला वाटलं, झालं.
झवेरी परत उठले.
माझ्या पासबुकाची नक्कल :
दरमहा अठराशे, खास भत्ता, अकरा महिने.
हे तुमच्याच खात्यात ना, बेन?
हा के ना?

मला वाटलं होतं, पगारवाढ असेल.
नाही. मला तसं वाटलं नव्हतं.
ऑगस्टमध्येच ऑफिसातल्या चंपकभाईंनी सांगितलं होतं,
कशाचा भत्ता ते, आणि हसले होते,
आणि मी धनतेरसला गीझर घेतला.

हा, मी म्हटलं.
टायपिस्टनं ते टाइप केलं.
ज्याला चार तास मिळाले त्याचं नाव,
आणि जिला अकरा महिने मिळाले तिचं,
एकाच कागदावर आलं.

खाली जिन्यात शिरोळेबाई उभ्या होत्या.
तनय पायरीवर, पार्किंगची पावती फाडत.
त्यानं वर पाहिलं नाही.
तुम्ही जुलैतच का नाही बोललात?
आपल्या मराठीत विचारलं त्यांनी,
रागानं नव्हे, वेळ विचारावी तसं.
याला हा चालेना, ना चालेना.
मी पर्समध्ये काहीतरी शोधू लागले.

तारीख पडली आहे, चौदा मार्च.
शाळेतून फोन नाही. सोमवारी जायचं का, कळत नाही.
पहाटे बटण दाबते, लाल दिवा लागतो,
पाणी तापतं.
बादली भरून वाहू लागते,
आणि मी अजून तशीच उभी.